मोहॉकच्या खोऱ्यातली डागडुजी

न्यूयॉर्क राज्यात फोर्ट हंटर नावाचे छोटेसे गाव आहे. दक्षिणेकडच्या कॅट्सकिल डोंगरांतून उतरलेला स्कोहॅरी ओढा इथे मोहॉक नदीला मिळतो. नावाला ओढा, पण त्याची लांबी दीडशे किलोमीटरच्या घरात. डोंगरावरचे बर्फ वितळत असताना वरून पाऊस कोसळला, तर तो भल्या नदीसारखा उसळतो. या संगमाच्या परिसरात पायी फिरले तरी अमेरिकेच्या जलमार्गाची दोन शतके नजरेखालून जातात. १८२० च्या दशकातल्या कालव्याची बुजत आलेली चारी दिसते, पुढच्या पिढीने बांधलेल्या दगडी जलसेतूच्या कमानी दिसतात, मोहॉकवर १९१८ सालच्या जलमार्गाचा उचलता येणारा बंधारा दिसतो आणि जरा वरच्या अंगाला महामार्गाचा पूल. यातल्या प्रत्येक बांधकामाशी स्कोहॅरीचा सामना झाला आहे. बहुतेक वेळा जिंकला तो ओढाच.

कालवे आणि धरणे कोणी बांधली, हे आपण पाठ करतो. ती टिकवली कोणी, हे क्वचितच विचारतो. या खोऱ्याची गोष्ट मला महत्त्वाची वाटते ती त्यासाठी.

एरी कालव्याची पहिली कुदळ ४ जुलै १८१७ रोजी रोम या गावाजवळ पडली. हडसनकाठच्या अल्बनीपासून एरी सरोवरावरच्या बफेलोपर्यंत ५८४ किलोमीटर पाणी न्यायचे होते. रुंदी ४० फूट, खोली फक्त ४ फूट. गव्हर्नर डेविट क्लिंटन यांनी हा प्रकल्प इतका लावून धरला, की विरोधक त्याला ‘क्लिंटनचा चर’ म्हणून हिणवत. देशात तेव्हा अभियांत्रिकीचे शिक्षण जवळपास नव्हतेच. मुख्य अभियंता बेंजामिन राइट हे मुळात जमीन मोजणारे आणि स्थानिक न्यायाधीश. हे लोक काम करता करता शिकले, आणि ऑक्टोबर १८२५ मध्ये कालवा वाहता झाला. बफेलोहून न्यूयॉर्कला एक टन माल न्यायला शंभर डॉलरच्या आसपास पडत, ते दहाच्या आसपास आले. न्यूयॉर्क शहराचे बंदर देशात पहिल्या क्रमांकावर गेले, त्यात या चराचा वाटा फार मोठा आहे.

फोर्ट हंटरला मात्र कालव्याच्या वाटेत स्कोहॅरी आडवा होता. पहिल्या पिढीने सोपा मार्ग काढला. ओढ्यात बुटका बांध घालून पाणी अडवायचे, आणि त्या साचलेल्या पाण्यातून नावा दोरांनी पलीकडे ओढून न्यायच्या. उन्हाळ्यात हे निभावून जाई. ओढ्याला पाणी आले की नावा अडकत, दोर तुटत, बांध फुटे. कालवा रुंद करण्याची वेळ आली तेव्हा १८३९ ते १८४१ या काळात इथे चौदा कमानींचा जलसेतू उभा राहिला. त्याची लांबी ६२४ फूट. त्याची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. दगडी कमानींवर पाणी नव्हतेच. कमानी होत्या त्या नाव ओढणाऱ्या खेचरांच्या पायवाटेसाठी. पाणी वाहत होते शेजारच्या लाकडी पन्हळातून, आणि हे पन्हळ खांबांच्या पुढे आलेल्या भागावर टेकलेले होते. खालून ओढा, वर आडवा कालवा, आणि कडेने चालणारी खेचरे, अशी ती व्यवस्था सत्तरएक वर्षे चालली. आज चौदांपैकी निम्म्याच्या आसपास कमानी उरल्या आहेत. काही नंतर पाडल्या, काही आपसूक पडल्या.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेने कालव्याचा बराच माल पळवला होता. तरीही १९०३ मध्ये राज्याच्या मतदारांनी १० कोटी १० लाख डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले आणि नवा बार्ज कालवा खोदायला घेतला. या वेळी विचारच बदलला. नदीच्या कडेने वेगळी चारी काढण्याऐवजी नदीलाच कालवा करायचे ठरले. खेचरांची जागा टगबोटींनी घेतली. मोहॉकच्या पात्रात ठिकठिकाणी बंधारे घालून पायऱ्यांसारखे पाण्याचे टप्पे केले, आणि प्रत्येक टप्प्यावर लॉक बांधले. दोन्ही टोकांना दरवाजे असलेल्या या काँक्रीटच्या हौदात नाव घ्यायची, पाणी भरून किंवा सोडून ती वर किंवा खाली न्यायची.

अडचण बर्फाची होती. मोहॉक हिवाळ्यात गोठते आणि वसंतात फुटते तेव्हा बर्फाच्या घराएवढ्या लाद्या पाण्याबरोबर खाली येतात. पात्रात कायमची भिंत घातली तर त्या लाद्या तिथेच अडून पाणी गावात शिरणार. म्हणून स्कोशियापासून फोर्ट प्लेनपर्यंत, म्हणजे आठव्या लॉकपासून पंधराव्यापर्यंत, आठ ठिकाणी वेगळ्याच घडणीचे बंधारे उभारले. ही कल्पना बोहेमियातल्या व्लतावा नदीवरून आली. नदीवर आरपार पोलादी पूल टाकायचा, पुलापासून खाली पात्रापर्यंत उभ्या चौकटी सोडायच्या, त्यांचे पाय नदीतळाच्या काँक्रीटच्या उंबऱ्यावर टेकवायचे, आणि चौकटींवर पोलादी दरवाजे सरकवायचे. हंगाम संपला की पुलावर रुळांवरून फिरणारे विजेचे यारी-यंत्र एकेक दरवाजा साखळीने वर ओढते, चौकटीही उचलून पुलाच्या पोटाशी बांधल्या जातात आणि नदी मोकळी होते. आपल्याकडे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे पावसाआधी काढतात आणि पाऊस सरला की घालतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की तिथे बर्गे निघतात हिवाळ्यासाठी आणि एकेकाचे वजन माणसांच्या हातचे नाही. नवव्या लॉकजवळच्या बंधाऱ्यावरून तर रस्ताही जातो. पूल आणि बंधारा एकाच पोलादाचे झाल्यामुळे एकाला गंज लागला की दोघेही आजारी.

बार्ज कालवा मे १९१८ मध्ये पूर्ण खुला झाला. त्याच सुमारास स्कोहॅरीच्या वरच्या अंगाला दुसरीच हालचाल सुरू होती. न्यूयॉर्क शहराला पाणी कमी पडत होते, आणि शहराची नजर कॅट्सकिलवर होती. गिल्बोआ नावाचे गाव उठवून तिथे १९२० च्या दशकात धरण बांधले. ओढ्याचे पाणी उलट्या दिशेने, डोंगराखालून २९ किलोमीटरच्या बोगद्यातून शहराच्या वाटेला लावले. धरणासाठी दगड काढताना खाणीत झाडांचे दगडी बुंधे निघाले, सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलाचे. जगातल्या सर्वांत जुन्या जंगलांपैकी एक सापडले, आणि त्याच डोंगराचा दगड धरणात गेला. गिल्बोआचा सांडवा रुंद पायऱ्यांचा आहे. पाणी या पायऱ्यांवरून उतरते तेव्हा बघत राहावे असे दिसते. हे धरण पुढे कालव्याच्याही काळजीचा विषय होणार होते, कारण ते फुटले असते तर त्याचे पाणी फोर्ट हंटरलाच येणार होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर राज्याने अल्बनी ते बफेलो महामार्ग बांधला, जवळजवळ कालव्याचीच वाट धरून. स्कोहॅरीवरचा त्याचा पूल १९५४ मध्ये वाहतुकीला खुला झाला. पाच गाळे, एकूण लांबी ५४० फूट. खांब रुंद काँक्रीटच्या पायावर उभे होते आणि पाया होता हिमनदीने मागे टाकलेल्या घट्ट गाळमातीत. खाली खोलवर ठोकलेले पाइल नव्हते. बांधकामाच्या वेळी पायाभोवती लोखंडी पत्र्यांचा वेढा होता. तो राहिला नाही, आणि खोदलेल्या खड्ड्यात भरावाची माती पडली. पायाचे रक्षण काय ते वरून टाकलेल्या मोठ्या दगडांच्या पिचिंगवर होते. पूल खुला होऊन वर्ष होते न होते, तोच ऑक्टोबर १९५५ मध्ये ओढ्याला ७६,५०० क्युसेकचा पूर आला. पूल जागचा हलला नाही. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि माझ्या मते घात तिथेच झाला. मोठ्या पुरात टिकलेल्या बांधकामाबद्दल माणसाच्या मनात जी खात्री बसते, ती पुढे कोणत्याही तपासणीने सहज हलत नाही. पाण्याखाली मात्र दगड सरकायला लागले होते.

१९७७ मध्ये सल्लागार अभियंत्यांनी पुलाची पाहणी केली, आणि पिचिंगचे दगड कमी झालेत, ते पुन्हा भरा, असे सुचवले. पुढे १९८० मध्ये दुरुस्तीचे कंत्राट निघाले तेव्हा त्यातून हे काम वगळले गेले. बाकीची, वर दिसणारी कामे झाली. कंत्राटातली एक बाब गाळणे यात कोणाला काही भयंकर वाटले नसेल. पाण्याखालचे दगड कोणाला दिसत नाहीत, आणि ते भरल्यावर पूल आधीपेक्षा वेगळा दिसत नाही. या पुलाच्या पायाची पाण्याखालून पाहणी तर कधीच झालेली नव्हती.

५ एप्रिल १९८७, रविवार. डोंगरात बर्फ वितळत होते आणि त्यावर सहा इंचांच्या आसपास पाऊस झाला होता. ओढ्यातून सुमारे ६५,००० क्युसेक पाणी जात होते, म्हणजे १९५५ पेक्षा कमीच. सकाळी पावणेअकराच्या सुमारास तिसरा खांब खचला आणि त्याच्यावर टेकलेले दोन गाळे ऐंशी फूट खाली ओढ्यात गेले. पुलावर त्या क्षणी एक मोटार आणि एक ट्रक होता. पाठोपाठ आणखी तीन मोटारी आल्या. मध्येच रस्ता नाही हे चालकांना कळले तेव्हा थांबायला वेळ नव्हता. दहा माणसे गेली. दीड तासाने दुसरा खांब आणि आणखी एक गाळा पडला. सहा दिवसांनी, काही किलोमीटर वरच्या मिल पॉइंट इथला छोटा पूलही त्याच पुराने पाडला. तो आधीच बंद केलेला असल्याने जीव वाचले.

पाणी ओसरल्यावर तिसऱ्या खांबाच्या पायाखाली नऊ फुटांच्या आसपास खोल घळ सापडली. खांब मोडला नव्हता, त्याच्याखालची जमीनच गेली होती. पुलाच्या खांबाला धडकणारे पाणी खाली वळते, तळाशी भोवरा धरते आणि माती उकरत जाते. पूर जोरात असतो तेव्हा ही खरड सर्वांत खोल असते, आणि पूर ओसरताना गाळ बसून खड्डा परत भरतोही. त्यामुळे चार दिवसांनी येऊन पाहणाऱ्याला काही घडलेच नाही असे वाटते. शोधपथकांच्या तपासात हेही पुढे आले, की हा खड्डा एका दिवसाचा नव्हता. वर्षानुवर्षे, पुरामागून पूर, दगड हलत गेले होते. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९८८ च्या अहवालात मुख्य दोष ठेवला तो पायाभोवतीचे पिचिंग राखले नाही यावर. काँक्रीटवर नाही, पोलादावर नाही.

या दहा माणसांच्या मृत्यूने सबंध देशाचा कारभार बदलला. पाण्यात पाय असलेल्या पुलांची पाण्याखालची तपासणी किमान दर पाच वर्षांनी सक्तीची झाली. पाण्यावरच्या सुमारे पाच लाख पुलांची, पाया खरडला जाण्याचा धोका किती, या एका प्रश्नासाठी छाननी सुरू झाली. खरड किती खोल जाईल हे मोजण्याच्या पद्धतीची पुस्तिका १९९१ मध्ये निघाली, आणि तिच्या सुधारित आवृत्त्या आजही जगभरचे पूल-अभियंते वापरतात. स्कोहॅरीवर नवा पूल मे १९८८ मध्ये पूर्ण झाला.

हा पूल ज्याच्या ताब्यात होता, त्याच महामार्ग प्राधिकरणाकडे १९९२ मध्ये कालव्याचा कारभारही आला. व्यापारी वाहतूक तोवर जवळजवळ संपली होती. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्सचा समुद्रमार्ग खुला झाल्यावर मोठी जहाजे थेट सरोवरांपर्यंत जाऊ लागली, तेव्हाच ते ठरून गेले होते. आता कालव्यात असतात त्या सहलीच्या नावा. पण वाहतूक संपली म्हणून बांधकाम निवृत्त होत नाही. बंधारे होते तिथेच होते, लॉकचे दरवाजे होते तिथेच होते, आणि नदी येत होती तशीच येत होती. काही लॉकवर आजही शंभर वर्षांपूर्वीचे विजेचे नियंत्रण-फलक चालू आहेत. त्यांच्या पितळी मुठी तिथले कर्मचारी घासून लख्ख ठेवतात. यंत्राचा एखादा भाग मोडला तर तो बाजारात मिळत नाही, कालव्याच्याच कार्यशाळेत घडवावा लागतो. जुने काम टिकवायला लागणारे कसब नवे काम करण्याच्या कसबापेक्षा रतीभरही कमी नाही, असे मला ठामपणे वाटते. अशा कामाला ना उद्घाटनाची फीत असते, ना कोनशिला.

गिल्बोआ धरणाचा प्रश्न २००५ मध्ये ऐरणीवर आला. १९९६ च्या जानेवारीत सांडव्यावरून विक्रमी पाणी गेले होते. नव्या हिशेबाने पाहिल्यावर अभियंत्यांना आढळले, की त्याहून मोठ्या पुरात धरण पायावरून सरकणार नाही याची पुरेशी हमी देता येत नाही. जुन्या काळच्या दगडी धरणांत हे अनेकदा आढळते. धरणाखालच्या भेगांत शिरलेले पाणी धरणाला खालून वर ढकलते, त्याचे वजन जणू हलके करते, आणि या दाबाचा अंदाज तेव्हा कमी धरला जाई. गिल्बोआत तातडीने सांडव्याला खाच पाडून पाण्याची पातळी उतरवली. २००६ मध्ये धरणाच्या माथ्यापासून खालच्या खडकापर्यंत सुमारे ८० भोके पाडून त्यांत पोलादी केबल घातल्या, त्या प्रचंड ताणून खडकात जखडल्या. धरण अक्षरशः डोंगराला बांधून टाकले. ही तात्पुरती मजबुती होती. पूर्ण नूतनीकरण अजून व्हायचे होते.

धरणाची परीक्षा मात्र त्याआधीच आली. २८ ऑगस्ट २०११ रोजी आयरीन हे वादळ कॅट्सकिलवर आले, आणि काही ठिकाणी दहा इंचांहून अधिक पाऊस झाला. स्कोहॅरीला खालच्या भागात १ लाख २८ हजार क्युसेक पाणी आले, १९८७ च्या जवळपास दुप्पट. खोऱ्यात भोंगे वाजले, लोक मिळेल त्या वाटेने उंचावर गेले. प्रॅट्सविल आणि स्कोहॅरी ही गावे उद्ध्वस्त झाली. पण धरण राहिले, आणि महामार्गाचा नवा पूलही राहिला. पाच वर्षांपूर्वी त्या केबल घातल्या नसत्या तर काय झाले असते, याचा विचार त्या खोऱ्यातल्या माणसांनी नक्कीच केला असेल.

मोहॉकवरच्या उचलत्या बंधाऱ्यांचे मात्र हाल झाले. उन्मळलेली झाडे, घरांचे वासे, गोठ्यांचे पत्रे दरवाज्यांना आणि चौकटींना येऊन तटले. वाट अडली तेव्हा नदीने बंधाऱ्याच्या टोकाला वळसा घातला. नवव्या आणि दहाव्या लॉकजवळ काठच्या काठ वाहून गेले. अकराव्या लॉकजवळ, ॲम्स्टरडॅममध्ये, अमेरिकन क्रांतीच्याही आधीचे, १७७४ च्या सुमाराचे गाय पार्क मॅनर हे दगडी घर आहे. पुराने त्याच्या भिंती फोडल्या, आणि आतल्या खोल्या रस्त्यावरून दिसू लागल्या. फोर्ट हंटरला ओढ्याने वाहनतळाची जमीन खरवडली, आणि खालून १७११-१२ च्या मूळ किल्ल्याचा दगडी पाया वर आला. गावाला ज्याचे नाव मिळाले, तो किल्ला!

त्यानंतरची दुरुस्ती वर्षानुवर्षे चालली. बंधाऱ्यांची टोके आणि काठ नव्याने बांधले, वाकलेल्या चौकटी आणि दरवाजे बदलले, जुन्या पुलांचे गंजलेले पोलाद काढून नवे घातले. काम करायला मोकळा वेळ मिळतो तो फक्त हिवाळ्यात, नावा बंद असताना, आणि तेव्हा थंडी हाडे गोठवणारी. दर हिवाळ्यात काही लॉक पूर्ण कोरडे करतात, तळापर्यंत उतरतात आणि एरवी पाण्याखाली असलेला प्रत्येक भाग हाताने तपासतात. गिल्बोआचे नूतनीकरण २०१४ मध्ये पुरे झाले. त्याला १३ कोटी ८० लाख डॉलर लागले.

हा पैसा कोणी द्यायचा, हा वाद कालव्याइतकाच जुना आहे. महामार्गाच्या टोलमधून कालव्याची दुरुस्ती होत होती, त्याविरुद्ध ट्रकवाले न्यायालयात गेले. २०१७ पासून कालवा राज्याच्या वीज प्राधिकरणाकडे आहे. २०२० मध्ये कालव्याच्या पुढच्या वाटचालीसाठी ३० कोटी डॉलरची योजना जाहीर झाली. तिच्यात पर्यटन आहे, सिंचन आहे, आणि मोहॉकचे बर्फ आणि पूर यांचाही विचार आहे.

तो विचार सगळ्यांत निकडीचा आहे शेनेक्टडी शहरात. तिथे स्टॉकेड नावाची जुनी वस्ती अगदी नदीकाठी आहे, आणि काही अंतर खाली सातव्या लॉकजवळ व्हिशर फेरीचे धरण. आठ उचलत्या बंधाऱ्यांसारखे ते नाही. ती कायमची भिंत आहे, एका शतकाहून जुनी. वसंतात बर्फाच्या लाद्या या भागात अडतात आणि पाणी स्टॉकेडच्या तळघरांत शिरते. भिंतीचा काही भाग कापून तिथे खाली करता येणारे दरवाजे बसवावेत, ही मागणी बरीच जुनी आहे. तोवर बर्फ फोडणाऱ्या टगबोटी पाठवून आणि पातळीवर नजर ठेवून काम भागवले जाते, आणि दरवर्षी थंडी ओसरू लागली की स्टॉकेडचे रहिवासी तळघरातले सामान वर चढवतात.